टॅलिस्कर १०: पहिल्या घोटाला आजीचा माळा आठवला

आधीच सांगून टाकतो, मी व्हिस्कीतला दर्दी वगैरे नाही. पंधरा-सोळा वर्षं सोडा आणि बर्फ टाकून जे समोर येईल ते पीत आलेला माणूस आहे, त्यामुळे खाली काही जड शब्द सापडले तर ते कुणाकडून तरी उचललेले आहेत असं समजा. मूळ मालवणकडचा, राहतो पुण्यात, आणि स्कॉटलंडच्या एका बेटावरची धुरकट खारट व्हिस्की पिऊन मला काय वाटलं ते लिहितोय, बास.

व्हिस्कीचं नाव टॅलिस्कर, वय १० वर्षं, अल्कोहोल ४५.८ टक्के. हा ४५.८ आकडा बघून मला आधी वाटलं की सरळ ४५ किंवा ४६ ठेवायला काय झालं होतं यांना. मग घरी आपल्या नेहमीच्या बाटलीवर ४२.८ दिसलं आणि डोक्यात ट्यूब पेटली. ही जुन्या ब्रिटिश प्रूफ मापाची पोरं आहेत दोन्ही. त्या मापात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७ टक्के अल्कोहोल, त्याच्या ७५ वर आपली बसते आणि ८० वर ही. इंग्रज गेले, माप गेलं, आकडे राहिले.

तर टॅलिस्करशी माझी पहिली भेट अगदीच वाईट झाली होती. पुण्यातल्या एका बारमध्ये, नाव सांगत नाही, मित्राच्या प्रमोशनची पार्टी होती आणि फुकटात मिळतंय म्हणून मी मेन्यूमधली जरा महागातली मागवली. वेटरदादांनी काही न विचारता ग्लास काठोकाठ बर्फानं भरला, त्यात तीस एमएल ओतली, आणि ग्लासला भांडी घासायच्या लिंबाच्या लिक्विडचा वास. दहा मिनिटांत त्याचं गार पिवळट पाणी झालं आणि त्यातून लांब कुठंतरी कोणीतरी पालापाचोळा पेटवल्यासारखा वास येत राहिला. मी तेव्हाच ठरवलं की हे श्रीमंतांचे चोचले आहेत आणि आपल्याला हे झेपणारं नाही.

मग गेल्या सप्टेंबरात ताईकडे ग्लासगोला गेलो. भावोजींना या प्रकाराचा भारी नाद, त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की रविवारी स्कायला, म्हणजे टॅलिस्कर बनते त्या बेटावर, जायचं. ग्लासगोपासून गाडीनं पाच तासांच्या वर लागतात, वाटेत ग्लेन को म्हणून एक खिंड लागते ती बघून आपला ताम्हिणी घाट एकदम लहान भावासारखा वाटायला लागला. स्काय बेटाला १९९५ पासून पूल आहे त्यामुळे बोटीची भानगड नाही. बेटावर शिरल्यावर मात्र शेवटी शेवटी रस्ता एका गाडीपुरता, समोरून कोणी आलं की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं आणि हात वर करून थँक्यू म्हणायचं. आपल्याकडे हे केलं तर मागचा हॉर्न मारून मारून वेडा करेल.

डिस्टिलरी कारबॉस्ट नावाच्या गावात आहे, लॉख हारपोर्टच्या काठावर. लॉख म्हणजे तळं असं मी धरून चाललो होतो, पण हा लॉख म्हणजे आत घुसलेला समुद्र, सरळ आपली खाडीच. ओहोटी लागलेली होती, खडकांवर ओलं शेवाळ पसरलेलं, आणि गाडीचं दार उघडल्याबरोबर जो वास आला तो मी डोळे मिटून ओळखला असता. पाऊस अर्थातच होता.

१८३० साली ह्यू आणि केनेथ मॅकअ‍ॅस्किल या भावांनी ही काढली. तो काळ असा की जमीनदार लोक आपल्या कुळांना पिढ्यान्पिढ्याच्या जमिनीवरून हुसकून तिथं मेंढ्या सोडत होते, आणि हे भाऊही त्यातलेच. टूरवर हा भाग दोन वाक्यांत उरकला गेला, पण भावोजींनी परत येताना मला बराच वेळ ऐकवला, आणि बाहेर ते मोकळे मोकळे डोंगर बघताना वेगळंच वाटायला लागलं. असो.

आत तांब्याच्या पाच भट्ट्या आहेत, दोन पहिल्या धारेच्या आणि तीन दुसऱ्या. हा हिशोब जुळत नाही, कारण साधारणपणे जोड्या असतात, तर कारण असं की १९२८ पर्यंत इथं तीनदा गाळायचे, नंतर दोनदा करायला लागले. १९६० मध्ये मोठी आग लागली, भट्टीघर जळालं, तर परत बांधताना यांनी जुन्या भट्ट्यांच्या हुबेहूब नकला करून घेतल्या, नळीचा बाकसुद्धा तोच, का तर आकार बदलला की चव बदलायची भीती. आता ही अंधश्रद्धा म्हणा किंवा शास्त्र म्हणा, मला ते आवडलं. आमच्याकडे आईनं मिक्सर आल्यावरही वाटपाला पाटाच ठेवला होता, त्यातलाच प्रकार.

आणि बाहेरच्या बाजूला मोठाल्या लाकडी टाक्या, त्यात थंड पाणी आणि पाण्यातून वेटोळी घेत जाणारी तांब्याची नळी, तिच्यातून वाफ गार होऊन दारू खाली येते. गोव्यात फेणीच्या भट्टीवर बघितलेलं असेल त्याला हे वेगळं सांगायला नको, तत्त्व तेच. बहुतेक डिस्टिलऱ्यांनी ही पद्धत सोडून आधुनिक कंडेन्सर घेतले, कारण या टाक्या जागा खातात आणि कटकट करतात. पण या नळीत वाफेला तांब्याचा स्पर्श कमी मिळतो म्हणून दारू जरा जडसर, मांसल उतरते म्हणे. चव घेतल्यावर मला हे पटलं.

टूर संपल्यावर सगळ्यांना चाखायला दिली, भावोजी गाडी चालवणार म्हणून त्यांना त्यांचा वाटा छोट्या बाटलीत भरून मिळाला. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून ड्रायव्हरसाठी मर्यादा बाकी ब्रिटनपेक्षा कडक आहे त्यामुळे तिथं कोणी "एकानं काय होतंय" म्हणत नाही. भावोजींचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता.

मग चढावर एक ऑयस्टर शेड आहे तिथं गेलो. ऑयस्टर म्हणजे कालवं हो! मी लहानपणी मामाबरोबर ओहोटीला खडकावरून टोचून काढलेली, आजी त्याचं खोबरं घालून सुकं करायची. इथं हे लोक कच्चीच खातात, वर लिंबू. पहिलं गिळलं, समुद्राचं पाणीच प्यायल्यासारखं वाटलं, आणि मग भावोजींनी सांगितलं म्हणून रिकाम्या शिंपल्यात दोन थेंब टॅलिस्कर टाकली आणि शिंपल्यातूनच प्यायलो. मी काही बोललो नाही थोडा वेळ. पुण्यातल्या बारमधली आणि ही एकच दारू आहे यावर माझा विश्वास बसेना.

बाटली मात्र डिस्टिलरीतून घेतली नाही, भावोजी म्हणाले इथून घेऊ नकोस रे, सुपरमार्केटला ऑफर लागली की स्वस्त पडते, आणि पडली. येताना दोन लिटरपर्यंत आणता येते त्यात ती बसली.

आता खरं पिणं. पुण्यात आल्यावर एका शनिवारी रात्री, जेवणाआधी, ग्लास गरम पाण्यानं धुऊन पुसून, बर्फ नाही, पंखा बंद. पंखा बंद करायचं मला कोणी सांगितलं नव्हतं पण वास उडून जातो हे लक्षात आलं. रंग सोनेरी, पण रंगावर जाऊ नका, स्कॉचमध्ये कॅरमेल रंग घालायला कायद्यानं परवानगी आहे त्यामुळे रंगावरून वय ओळखणारे काका लोक उगाच गंडतात.

नाक घातलं आणि पहिल्यांदा झणका. ४५.८ आहे शेवटी. तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला की झणका कमी होतो. दुसऱ्या खेपेला धूर आला, आणि तो कसला धूर ते कळायला मला दोन मिनिटं लागली. इंग्रजी वर्णनात बॉनफायर लिहितात. माझ्या आयुष्यात बॉनफायर कधी झालेला नाही. माझ्या आयुष्यात आजीच्या घरची चूल झाली आहे, आणि चुलीच्या वरचा माळा, ज्याचे वासे धुरानं काळे कुळकुळीत झालेले, आणि त्या माळ्यावर पावसाळ्याच्या बेगमीला ठेवलेली सुक्या बोंबलाची आणि खाऱ्या बांगड्याची टोपली. शिडीवर चढून डोकं आत घातलं की जो वास यायचा ना, धूर, मीठ, सुकी मासळी, जुनं लाकूड, कुठंतरी गुळाची ढेप, तो. तो वास ग्लासात होता. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, माळा पाडून मामांनी स्लॅब टाकला, आणि तो वास मला पाच समुद्र ओलांडून एका इंग्रजी नावाच्या बाटलीत सापडला याचं मला हसू पण आलं आणि घशात पण काहीतरी आलं. बायकोनं आतून विचारलं, "काय जळतंय का?" मी म्हटलं नाही गं, माळा.

पहिला घोट अगदी छोटा घ्या. आधी गोड लागते, हे कोणी सांगत नाही! जिभेच्या टोकावर काकवीसारखा गोडवा, थोडं पिकलं पेर, मग धूर मागून येतो आणि तोंडभर पसरतो, कडेकडेनं खारट लागायला लागतं, कैरीचा मीठ लावलेला तुकडा चोखल्यावर ओठांवर राहतं तसं. आणि गिळल्यावर, एक-दोन सेकंद काही नाही, तुम्ही म्हणता झालं, आणि मग मिरी. खरोखर काळी मिरी, सुंठ-मिरीच्या काढ्यासारखी घशाच्या मागच्या भिंतीला लागते आणि छातीत उतरते. ही मिरी टॅलिस्करची ओळख आहे, बाकी धुरकट व्हिस्क्या मी चार-पाच चाखल्या पण अशी उशिरानं येऊन पाठीत धपाटा घालणारी मिरी दुसरीकडे मिळाली नाही. धूर नंतर बराच वेळ राहतो, दात घासून झोपलो तरी सकाळी थोडा होता, आता हे कौतुक समजायचं का तक्रार ते तुमचं तुम्ही ठरवा.

मीठ येतं कुठून हा प्रश्न मला त्या रात्री फार छळत होता. सोपं उत्तर सगळे देतात, समुद्राकाठी आहे ना. पण जरा विचार करा, दारू गाळून बनते, आणि गाळताना मीठ वर येतच नाही, ते तळाला राहतं. मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, आणि त्याच समुद्राच्या वाफेचा पाऊस पडतो तो गोडाच असतो की. म्हणजे भट्टीतून मीठ येणं शक्य नाही. मग मला जे खारट लागतं ते बरंचसं नाकाचं काम असणार, धुरातले काही वास आपल्या डोक्यात समुद्राशी इतके चिकटलेले आहेत की ते आले की जीभ मीठ आहे असं धरून चालते. माझ्या बाबतीत तर धूर आणि खारी मासळी एकाच माळ्यावर होते, त्यामुळे मी जास्तच फसणार.

धुराचं मात्र गणित सरळ आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं कुजकं शेवाळ आणि झुडपं, विटांसारखं कापून वाळवतात. सातूला मोड आणतात आणि मग ते वाळवताना खाली पीट जाळतात, तो धूर दाण्यात बसतो तो पुढे बाटलीपर्यंत राहतो. टॅलिस्करचा माल्ट, म्हणजे हे मोड आणून वाळवलेलं सातू, मुख्य भूमीवरच्या ग्लेन ऑर्डहून येतो. धूर पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मोजतात, याचा साधारण २० च्या आसपास, तर तिकडे आयला बेटावरच्या लॅफ्रोएगचा त्याच्या दुपटीला आणि आर्डबेगचा ५० च्या वर. आणि हा आकडा माल्टचा असतो, दारूचा नाही, गाळताना बराच धूर मागे राहतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर फुशारक्या मारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

लॅफ्रोएग मी भावोजींकडे प्यायलो. त्याचा वास म्हणजे सरळ सरकारी दवाखाना, टिंक्चर आयोडीन आणि बँडेज. लोक त्यासाठी जीव टाकतात, मला आदर आहे पण मला तिथं बसून राहवत नाही. टॅलिस्करमध्ये धूर आहे पण तो घरातल्या मोठ्या माणसासारखा खुर्चीत बसलाय, बाकीच्यांना बोलू देतो. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉनची बोल्ड पण एकदा घेतली होती, तीही धुरकट आणि छानच आहे, पण तिच्यात ऊन आहे, मधाळ आणि जाडसर. गोव्याच्या उकाड्यात पिंपातली दारू स्कॉटलंडच्या कितीतरी पट वेगानं उडून जाते, स्कॉटलंडमध्ये वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास जाते, त्यामुळे तिथं दहा वर्षं ठेवणं परवडतं. दोघींची तुलना करण्यात अर्थ नाही.

पाणी घालायचं का? घाला, बिनधास्त घाला, पण चमच्यानं. बाटलीचं झाकण भरून उपडं करणाऱ्यांसाठी हे नाही. मी अर्धा चमचा साधं पाणी घातलं आणि धूर कमी होईल असं धरून चाललो होतो तर उलट वर आला आणि झणका मात्र कमी झाला. नंतर वाचलं की २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी कॉम्प्युटरवर हे तपासलं होतं, धुराच्या वासाचा एक रेणू आहे ग्वायकॉल, अल्कोहोल जास्त असलं की तो आत दडून बसतो आणि पाणी घातलं की पृष्ठभागापाशी येतो. म्हणजे पाणी घालणारा नवशिका असं जे म्हणतात त्यांना आता मी हे ऐकवतो. बर्फ मात्र नाही, बर्फानं वास मरतो, बारचा अनुभव वर सांगितलाच. सोडा घालून एकदा बघितली, वाईट नाही लागली, उन्हाळ्यात चालेल, पण त्या मिरीचा जीव जातो.

चखण्यावर मी बरेच प्रयोग केले आणि बरेच फसले. फरसाण एकदम बाद, मसाला तोंडात राहतो आणि व्हिस्की नुसती जाळ लागते. कोळंबी तिखट लावून तळली होती, तिच्यावर ही घेतली आणि तोंडाला अक्षरशः आग लागली, मिरीवर लाल तिखट. भाजलेला सुका बोंबील घेतला, वाटलं हे तर सख्खं जुळेल, पण सारखंच आणि सारखंच झालं, काही कळेना कुठलं कुठलं. मग एका रविवारी देवाला फोडलेल्या नारळाचे तुकडे समोर होते म्हणून सहज एक तोंडात टाकला आणि ओहोहो. ओल्या खोबऱ्याचा गोडवा, त्याचं दूध आणि त्यावर हा धूर. देवाचा नारळ होता हे आईला सांगू नका. साधे मीठ लावलेले काजू पण चालतात.

काय आवडलं नाही? उघडून ठेवली की बदलते. माझी अर्ध्याच्या खाली गेल्यावर तीन महिने तशीच कपाटात राहिली, तर धूर बराच उतरला आणि गोडवा तेवढा राहिला, मऊ झाली, पण मला मऊ नको होती. बाटलीत हवा जास्त झाली की असं होतंच, चूक माझी, छोट्या बाटलीत काढून ठेवायला हवी होती. दुसरं, पाहुण्यांना देताना विचार करा. माझ्या एका मित्रानं वास घेतला आणि विचारलं "कोक आहे का रे?" मी त्याला दुसरी बाटली दिली आणि ही आत ठेवली, मैत्री टिकली.

आणि किंमत. आपल्याकडे दुकानात घेताना हात थरथरतो, २०२५ पर्यंत तरी स्कॉचवर १५० टक्के आयात शुल्क होतं, वर राज्याचं वेगळं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी जो व्यापार करार झाला त्यात हे आधी ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय, पण त्यामुळे दुकानातल्या पाटीवरचा आकडा किती हलेल यावर मी पैज लावणार नाही. कोणी येणारं-जाणारं असेल तर त्याच्याकडून मागवा, हाच आपला पिढीजात मार्ग. पहिल्यांदाच सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत नुसत्या माल्टपासून केलेली व्हिस्की) घेतोय तर ही घेऊ का असं दोघांनी विचारलं, त्यांना मी म्हटलं की सुकी मासळी घरात आली की खिडक्या उघडणारे असाल तर नको, जेवणाची वाट बघणारे असाल तर डोळे मिटून घ्या. आणि पहिल्या पेगवरून मत बनवू नका, खरी गंमत दुसऱ्या दिवशीच्या पेगात आहे.

सध्या बाटलीत जेमतेम दोन पेग आहेत. मामा गणपतीला मालवणहून येणार आहेत, त्यांच्यासाठी ठेवलेत. त्यांना काही सांगणार नाही, फक्त ग्लास हातात देणार, बर्फाशिवाय, आणि वास घेतल्यावर त्यांना माळा आठवतो का बघणार. स्लॅब टाकल्याचा राग तर आहेच माझा.